पुढचा कप कुणाचा

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला माझा राग आला आहे. येऊ दे. मला त्यांचा त्याहून जास्त आला आहे आणि तो आधीपासूनचा आहे.

कारण सांगितलं तर कुणीही हसेल. कारण एक कप आहे, चहाचा, कान तुटलेला. एवढ्याशा कपावरून एका चार वर्षांच्या पोरीची शाळा बदलली जाते, हे मला अजून पटत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी माझ्या बाहेरच्या खोलीत बालवर्ग चालवते. सकाळी मुलं येतात, दुपारी जाऊन आपापल्या घरी झोपतात. वर्गात विकत आणलेलं खेळणं एकही नाही. नवे पालक आले की कोपऱ्यातल्या टोपल्यांकडे बघतात आणि त्यांचं तोंड उतरतं. कपडे वाळत घालायचे चिमटे, बरण्यांची झाकणं, बटणं, चमचे, जोडीदार हरवलेले मोजे. एका बाईनं तर मला विचारलं होतं, "सामान लावायचं राहिलंय का अजून?" मी म्हटलं, "हेच सामान. आणि लावायचं काम तुमच्या मुलाचं."

आमच्या खेळाचं नाव 'पुढे कोण?'. जमिनीवर सतरंजी घालायची. एक लाकडी चिमटा, एक प्लॅस्टिकचा, एक लाकडी, एक प्लॅस्टिकचा. मग एकेकावर बोट ठेवत मोठ्यानं वाचायचं. हो, वाचायचंच. अक्षर येत नसलं म्हणून काय झालं, रांग वाचता येते. ते जमलं की चमचा, चमचा, काटा. मग एखाद्यावर फडकं टाकायचं आणि विचारायचं, खाली कोण लपलंय? पोस्टमनचा मुलगा दर वेळी चमचाच सांगतो, कारण त्याला चमचे आवडतात. त्याला चूक म्हणायचं नाही, हा आमच्या वर्गाचा कायदा. "परत वाच" एवढंच म्हणायचं. तो पहिल्यापासून बोट ठेवत येतो, चमचा, चमचा, आणि फडक्याशी आला की त्याची जीभच त्याला सांगते, काटा! त्या वेळचं त्याचं तोंड बघण्यासारखं असतं. मला त्या तोंडासाठी सकाळी उठावंसं वाटतं.

आणि एकदा रांग दिसायला लागली की मूल तिला सोडत नाही. जिन्याच्या गजांत दिसते, बसच्या खिडक्यांत दिसते, बापाच्या सदऱ्यावर दिसते. पालकांना याचं मोठं कौतुक असतं. ती आपल्या घरातही दिसणार, हे मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही.

माझी भाची माझ्याच वर्गात होती. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती चालत कधी येतच नाही, गिरक्या घेतच येते. मी तिची मावशी, म्हणून वर्गातली सगळीच मुलं मला मावशी म्हणतात. तिचा मोठा भाऊ तिसरीत आहे. त्याला घरात 'सरदार' म्हणतात आणि तो तसाच वागतो. घरात बहिणीचे सासरे, म्हणजे मुलांचे आजोबा, आहेत, माझी बहीण एका औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, आणि मेहुण्यांचं फरश्यांचं दुकान आहे. फरश्यांचं! दुकानात गिऱ्हाईक आलं की छाती काढून सांगतात, "एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एक फरशी उलटी बसली तरी मला दारातून दिसते." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं आहे.

तर, पालकांना बोलवायचा शनिवार आला. मी मुलांना सांगितलं होतं, घरात एखादी रांग शोधा आणि ती इथे येऊन मांडा. पोस्टमनच्या मुलानं बापाचे आणि स्वतःचे बूट मांडले, मोठा, छोटा, मोठा, छोटा. नर्सबाईंच्या मुलीनं उश्या आणल्या, आई रात्रपाळीला गेली की एक, घरी असली की दोन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग भिंगरी आली. टॉवेलमध्ये गुंडाळलेले कप तिच्या आईनंच तिला बांधून दिले होते. निळ्या काठाचे कप, सहांचा संच, बहिणीच्या लग्नानंतर घेतलेला. भिंगरीनं ते सतरंजीवर मांडले. दोन कमी पडले तर माझ्या स्वयंपाकघरात जाऊन माझे दोन घेऊन आली. मग कंबरेवर एक हात ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं वाचायला लागली.

"आजोबा, कानवाला. बाबा, कानवाला. दादा, कानवाला. आई, बिनकानी. ही सकाळ झाली. आता संध्याकाळ. आजोबा, कानवाला. बाबा, कानवाला. दादा, कानवाला..."

"आणि आई, बिनकानी!" पोस्टमनचा मुलगा ओरडला. मुलांना पुढचं आलं की राहवत नाही.

सगळे हसले. मीही हसले असते. कपाला कान नसला म्हणून तो बिनकानी, हा शब्द पोरीनं स्वतः बनवला होता. नर्सबाई म्हणाल्या, "आमच्याकडे पावाचं टोक माझं असतं." त्यावर बायका आणखी हसल्या. पुरुष जरा कमी हसले.

पण मांडलेले बिनकानी कप दोन होते. मी विचारलं, "भिंगरे, सकाळचा आईचा. हा दुसराही आईचाच का?"

"नाही गं मावशी. आईचा एकच आहे, तोच धुऊन परत घेते. हा वरच्या फळीवरचा. मी आज रांगेसाठी आणला."

"मग तो कुणाचा?"

"माझा," ती म्हणाली. इतक्या सहज, जसं आपलं नाव सांगावं. "मला अजून दूध पेल्यात देतात ना. मोठी झाले की हा माझा."

मी बावळटासारखं विचारलं, "अगं पण बिनकानी कप धरायचा कसा? चटका बसेल ना."

"थांबायचं मग. आईला गारच चहा आवडतो."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली ती या वाक्यावर. गार चहा? माझ्या बहिणीला? आम्ही लहान असताना पातेलं खाली उतरायच्या आत कप पुढे करणारी ही! आई ओरडायची, "अगं जीभ आहे की तवा?" आणि ही डोळ्यांत पाणी येईपर्यंत वाफाळता चहा प्यायची आणि वर दुसरा मागायची. मी पालकांत बसलेल्या बहिणीकडे पाहिलं. ती टॉवेलची घडी घालत होती. घातलेली घडी मोडून परत घालत होती.

मेहुणे जिन्यात मला गाठायला थांबले होते. सगळे गेल्यावर म्हणाले, "ताई, हे बरं नाही केलंत."

"मी काय केलं?"

"पोरीला पढवलंत आणि चारचौघांत आमची शोभा केलीत."

"पढवायला मला तुमच्या घरातली वरची फळी माहीत हवी ना? त्या फळीवर काय आहे ते मला आज कळलं. तुम्हाला तरी माहीत होतं का?"

"एका कपाचं केवढं करताय! मी तिला कधी म्हटलंय का, तू तुटका घे म्हणून?"

"नाही म्हटलंत. तुम्ही तिला कधी, मला दे तो, असंही नाही म्हटलंत. एक फरशी उलटी बसली तर तुम्हाला दारातून दिसते ना?"

हे लागलं त्यांना. लागावं म्हणूनच म्हटलं होतं, उगाच साळसूदपणा कशाला. त्यांनी हात हलवून माझ्या खोलीकडे दाखवलं. "पोरं झाकणं मांडत बसतात इथे. शिक्षण म्हणतात याला? चौकातल्या केंद्रात मुलं पडद्यावर शिकतात, गणवेश असतो, शिस्त असते. सोमवारपासून ती तिकडे जाईल."

आणि सोमवारपासून ती तिकडे गेली. घरात चूक निघाली आणि जिला ती दिसली तिचीच शाळा बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. बहिणीला फोन केला तर म्हणाली, "थोडे दिवस जाऊ दे ताई, ते शांत होतील." ते शांत होतील! पोरीचं काय? वर्गात तिची टोपली तशीच पडून होती. पोस्टमनचा मुलगा रोज विचारायचा, "मावशी, पुढे कोण? भिंगरी?" मी म्हणायचे, "परत वाच."

एका संध्याकाळी मी उठले आणि बहिणीच्या घरी गेले. मनात पक्कं केलं होतं की आज भांडायचं.

दार भिंगरीनंच उघडलं. गणवेश, गळ्यात टाय, केस चापूनचोपून. ती चालत आली. गिरकी नाही, काही नाही, चालत. मला तेवढ्यानंच भरून आलं आणि भरून आलं म्हणून आणखी राग आला.

"काय शिकवतात गं तिकडे?"

"पुढे कोण," ती म्हणाली. "पण ते कागदावर असतं. पुढचं त्यांनी आधीच छापलेलं असतं, आपण फक्त रंगवायचं. आणि वाचायचं नाही. वाचलं की बाई तोंडावर बोट ठेवायला सांगतात."

मी स्वयंपाकघरात गेले. बहीण नुकतीच दुकानातून आली होती, अजून ओळखपत्राची दोरी गळ्यातच होती, आणि तशीच चहाचं आधण ठेवत होती. मी दार लोटलं आणि सरळ विचारलं, "तुला बिनकानी कप घ्यायला कुणी सांगितलं?"

"आलीस का तू परत तिथेच," ती म्हणाली. "कुणी नाही सांगितलं. तुटला तेव्हा टाकवला नाही. कुणीतरी घ्यायलाच हवा ना? मग मी घेते. हे वाईट माणूस नाहीत, ताई."

"मी कुठे म्हटलं वाईट आहेत? वाईट असते तर बरं झालं असतं, निदान तू भांडली तरी असतीस. आणि गार चहाचं काय?"

"सवय होते."

"दुसरा कप वर कशाला ठेवलास?"

"असू दे म्हटलं. लागतो कधी."

"कुणाला?"

तिनं चहाची पूड घातली. साखर घातली. मला वाटलं, आता बोलेल. पण तेवढ्यात बाहेर मेहुण्यांचा आवाज आला, सरदारानं दप्तर आपटलं, आजोबांनी खुर्ची ओढली, आणि ती म्हणाली, "बाहेर बस. आणि माझ्या घरात भांडू नकोस."

मी बाहेर बसले. मेहुणे मला बघून "या ताई" म्हणाले, जसं काही झालंच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही "हो" म्हटलं, बहिणीसाठी.

कप मांडायचं काम भिंगरीचं. तिनं टेबलावर एकेक कप ठेवला. आजोबा, बाबा, दादा. चौथा कानवाला माझ्यापुढे ठेवला, कारण मी पाहुणी. आईच्या जागेवर बिनकानी. मग स्टूल ओढत स्वयंपाकघरात नेलं, वर चढली, आणि वरच्या फळीवरचा तो दुसरा कप काढून आणला. आपल्या जागेवर ठेवला.

"मला पण आज चहा," ती म्हणाली. "मी आता मोठ्या शाळेत जाते."

"दे गं घोटभर, दूध जास्त घालून," आजोबा म्हणाले.

बहिणीनं सगळ्यांचे कप भरले. भिंगरीच्या कपात दुधात चहा दाखवला. भिंगरीनं टायखालून गणवेशाचा रुमाल काढला, कपाभोवती गुंडाळला, कप जरा पुढे ढकलला, आणि हाताची घडी घालून बसली. दादा फुर्र फुर्र करत पीत होता. ही गप्प बसून होती. अगदी तिची आई बसते तशी, एका बाजूला मान कलती, नजर दुसऱ्यांच्या कपांवर, कुणाला आणखी हवाय का ते बघत.

"पी की," सरदार म्हणाला.

"गार होऊ दे. मला गारच आवडतो."

आजोबा हसले. "बघा, अगदी आईवर गेली!"

मेहुणेही हसले. मला म्हणाले, "काय ताई, तुमचा वर्ग सुटला तरी पोरगी शिकतेच आहे की नाही?"

मी टेबलाची कड धरली. बहिणीच्या घरात भांडायचं नाही, असं ठरलं होतं. ठरलं नसतं तर त्या संध्याकाळी मी काय बोलले असते ते छापण्यासारखं नव्हतं. पण मला बोलावं लागलं नाही.

बहीण उभी राहिली. तिनं आधी भिंगरीच्या कपाचा रुमाल सोडून टेबलावर ठेवला, कप उचलला, मोरीत ओतला, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. ठेवला नाही, टाकला. आत पडून फुटला त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. जी बाई रबराचं कडंसुद्धा जपून ठेवते, तिनं. मग तिनं मेहुण्यांच्या हाताशी आलेला कप त्यांच्या पुढ्यातून घेतला. ओढला नाही, हिसकावला नाही, नुसता घेतला, आणि आपला बिनकानी त्यांच्यापुढे ठेवला. कानात बोट अडकवून तिनं कप तोंडाला लावला. वाफ तिच्या चष्म्यावर जमली. ती थांबली नाही, फुंकर घातली नाही, सगळा कप प्याली. डोळ्यांत पाणी आलं. ते चटक्याचं की कशाचं, मी विचारलं नाही.

"मला गार चहा आवडत नाही," ती म्हणाली. "कधीच आवडत नव्हता. कुणी विचारलंच नाही, आणि मीही सांगितलं नाही. पण हे माझ्यापाशी संपू दे. ही उद्यापासून ताईकडे जाईल."

"अगं, पण फी भरलीय तिकडे," मेहुणे म्हणाले. एवढं सगळं झाल्यावर या माणसाला हेच सुचलं.

"तुम्ही जा मग," ती म्हणाली. "पडद्यावर शिकवतात."

आजोबांना ठसका लागला. मेहुण्यांनी काहीतरी करायचं म्हणून समोरचा कप उचलला. पाची बोटांनी उचलला, चटका बसला, खाली ठेवला, बोटं चोखली. परत उचलायला गेले आणि हात मागे घेतला. एवढी वर्षं त्यांनी तो कप बायकोच्या हातात बघितला होता, पण तो धरायचा कसा हे त्यांना माहीत नव्हतं.

भिंगरी मात्र भलत्याच काळजीत पडली होती. ती खुर्चीवर गुडघे टेकून उभी राहिली आणि बोट ठेवत वाचायला लागली. मोठ्यानं.

"आजोबा, कानवाला. बाबा, बिनकानी. दादा, कानवाला. आई, कानवाला." तिनं थांबून आईकडे बघितलं. "आई, रांग बदलली."

"हो."

"मग उद्या पुढे कोण? बिनकानी कुणाचा?"

सरदारानं आपला कप दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरला. मेहुणे कपाकडे बघत होते आणि कपातून वाफ येत होती.

मग भिंगरीनं आपला रुमाल उचलला, खुर्चीवरून उतरली आणि बापाच्या हातात दिला.

"बाबा, असा गुंडाळ," ती म्हणाली. "आणि थांब थोडा वेळ. आई थांबायची ना, तसा."